थिओडोर बोव्हेरी : गर्भाची पहिली वाटणी उलगडणारा शास्त्रज्ञ

टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार चालू असताना एक दिवस प्रयोगशाळेतून फोन येतो. किती स्त्रीबीजे मिळाली, त्यांतली किती फलित झाली, याचा हिशेब सांगितला जातो. कधीकधी त्यात एक वाक्य असते : एक 'थ्री पी.एन.' निघाले, ते बाद केले. हे ऐकून जोडपी अस्वस्थ होतात. बीज फलित झाले होते ना, मग ते टाकले कशाला? आधीच तीन-चारच होती, त्यांतले एक असे का घालवले? काही जण हा प्रश्न विचारतात, बरेच जण मनातच ठेवतात.

फलन झाल्यावर अंडपेशीत साधारणपणे दोन गोल बुडबुडे दिसतात. एक आईकडून आलेले केंद्रक, दुसरे वडिलांकडून आलेले. यांनाच प्रयोगशाळेत पी.एन. म्हणतात. तीन दिसले तर बहुतेक वेळा दोन शुक्राणू आत शिरलेले असतात किंवा आईच्या बाजूची जी गुणसूत्रे बाहेर टाकली जायला हवी होती ती आतच राहिलेली असतात. अशा बीजापासून निरोगी बाळ का होत नाही, हे प्रथम नीट दाखवून दिले ते थिओडोर बोव्हेरी या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने. ते डॉक्टर नव्हते. त्यांनी आयुष्यभर घोड्याच्या आतड्यातला जंत आणि समुद्रातला एक काटेरी प्राणी यांची अंडी पाहिली. तरी आज वंध्यत्वाच्या, वारंवार होणाऱ्या गर्भपाताच्या आणि कर्करोगाच्या रिपोर्टांत जे शब्द आपल्याला भेटतात, त्यांतल्या अनेकांची सुरुवात त्यांच्या सूक्ष्मदर्शकापाशी होते.

आधी थोडे पेशीबद्दल

एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा आधी गुणसूत्रांची प्रत तयार होते आणि मग दोन्ही बाजूंना एकेक संच ओढला जातो. हे ओढण्याचे काम करणारी रचना म्हणजे स्पिंडल. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, अगदी चरख्याच्या चातीसारखी. शाळेच्या पुस्तकात यातल्या धाग्यांना तुर्कतंतू म्हटलेले असते. स्पिंडलच्या दोन टोकांशी एकेक ठिपक्यासारखे केंद्र असते, ते सेंट्रोसोम. प्राण्यांच्या पेशीत कापणी नेहमी स्पिंडलच्या मध्यावर, त्याला काटकोनात होते.

यातून एक साधी गोष्ट निघते. स्पिंडल पेशीच्या बरोबर मधोमध असेल तर दोन सारख्या पेशी होतात. तो एका कडेला सरकलेला असेल तर एक मोठी आणि एक लहान होते. आणि पेशीच्या आतला माल सगळीकडे सारखा नसेल, वर एक आणि खाली दुसरे असेल, तर स्पिंडल उभा आहे की आडवा यावर कोणाच्या वाट्याला काय येणार हे ठरते. आईने पोळीभाजीचा डबा दोन मुलांत वाटावा तसे हे आहे. आडवा भाग केला तर एकाला नुसती पोळी आणि दुसऱ्याला नुसती भाजी. उभा केला तर दोघांना दोन्ही. उदाहरण फार शास्त्रीय नाही, पण ओपीडीत समजावताना याचा मला उपयोग होतो.

बामबेर्गचा मुलगा

बोव्हेरी यांचा जन्म 12 ऑक्टोबर 1862 रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, बामबेर्ग या गावी झाला. चार भावांतले ते दुसरे. वडील डॉक्टर होते, पण घरात वैद्यकीपेक्षा संगीत आणि चित्रकलेची ओढ जास्त. थिओडोर यांनाही दोन्हींची गोडी होती आणि ती शेवटपर्यंत टिकली. त्यांचा धाकटा भाऊ वॉल्टर इंजिनियर झाला आणि 1891 मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये चार्ल्स ब्राऊन यांच्याबरोबर विजेची यंत्रे बनवणारी कंपनी काढली. नाशिकला किंवा इतरत्र एबीबी ही पाटी आपण पाहिली असेल. त्यातला शेवटचा बी हा बोव्हेरींचा.

थिओडोर म्युनिकला गेले ते इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकायला. लवकरच ते शरीररचनाशास्त्राकडे वळले आणि 1885 मध्ये मज्जातंतूंच्या धाग्यांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. पुढे काय करायचे हा प्रश्न होता. नेमकी त्याच वेळी त्यांना एक शिष्यवृत्ती मिळाली, काही वर्षे पोटाची चिंता मिटली आणि ते रिचर्ड हर्टविग यांच्या प्राणिशास्त्र संस्थेत दाखल झाले. तिथे त्यांनी हाती घेतला घोड्याचा जंत.

घोड्याचा जंतच का?

आपल्याकडे मुलांच्या पोटात होणारा लांब गोल जंत पुष्कळांनी पाहिलेला असतो. हा त्याच्याच कुळातला, घोड्याच्या लहान आतड्यात राहणारा. कत्तलखान्यात तो सहज मिळे. मादीच्या गर्भनलिकेत हजारो अंडी असत आणि ती क्रमाने लागलेली असत. नलिकेच्या एका टोकाला नुकतीच फलित झालेली, पुढे पुढे जावे तशी वाढलेली. अंड्याला जाड कवच असल्याने ती चिवट असत, आणि थंडीत ठेवली की त्यांची वाढ मंदावे. म्हणजे पाहणाऱ्याला सवड मिळे. पण सर्वांत मोठी सोय गुणसूत्रांची होती. माणसाच्या पेशीत ती 46 असतात. या जंताच्या एका प्रकारात फलित अंड्यात फक्त चार आणि दुसऱ्या प्रकारात फक्त दोन! तीही चांगली मोठी. मोजायला दोन बोटे पुरत.

बेल्जियममधल्या लिएज येथे एदुआर व्हान बेनेदेन यांनी 1883 मध्ये याच जंतात दाखवले होते की अंडे आणि शुक्राणू प्रत्येकी निम्मी गुणसूत्रे आणतात. बोव्हेरी यांनी त्यापुढचे पाहिले. 1887 पासून त्यांनी पेशींच्या अभ्यासावर निबंधांची एक मालिका छापायला सुरुवात केली. तिचे सहा भाग पुढची वीस वर्षे येत राहिले. त्यांत त्यांनी दाखवले, की अंडपेशीचे स्वतःचे विभाजन-केंद्र फलनापर्यंत निकामी झालेले असते आणि नवे केंद्र शुक्राणू बरोबर घेऊन येतो. मग त्या केंद्राचे दोन होतात, ते दोन बाजूंना जातात आणि त्यांच्यामध्ये पहिला स्पिंडल उभा राहतो. सेंट्रोसोम हे नाव त्यांनीच 1888 मध्ये दिले. माणसातही पद्धत हीच आहे. म्हणजे वडिलांकडून बाळाला नुसती 23 गुणसूत्रे मिळत नाहीत, पहिल्या वाटणीचे केंद्रही मिळते. शुक्राणूंची संख्या चांगली असूनही कधी भ्रूण पुढे वाढत नाहीत, तेव्हा डॉक्टर शुक्राणूच्या दर्जाबद्दल बोलतात. ते बोलणे फक्त संख्येपुरते का नसते, याचे एक कारण इथे आहे.

दोन पेशी, दोन नशिबे

याच जंतात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. अंड्याचे पहिले विभाजन झाले की वरची आणि खालची अशा दोन पेशी होतात. दुसऱ्या विभाजनाच्या वेळी वरच्या पेशीतली गुणसूत्रे तुटतात. त्यांची जाड टोके गळून पडतात, मधल्या भागाचे बारीक तुकडे होतात आणि तेवढेच पुढे जातात. खालच्या पेशीतली गुणसूत्रे मात्र अखंड राहतात. पुढच्या काही विभाजनांत पुन्हा तेच. दर वेळी एक लेक तुटकी, एक अखंड. शेवटी अखंड गुणसूत्रे फक्त एकाच वंशात उरतात आणि त्यातूनच त्या जंताची पुढची अंडी किंवा शुक्राणू तयार होतात. बाकी सगळे शरीर तुटक्यांचे.

(माणसात असे काही होत नाही, हे इथेच सांगतो. आपल्या त्वचेच्या पेशीत आणि स्त्रीबीजाच्या पूर्वज पेशीत गुणसूत्रांचा संच सारखाच असतो.)

या चार पेशींची मांडणीही ठरलेली होती. वरच्या पेशीत स्पिंडल आडवा पडे, त्यामुळे तिच्या दोन लेकी शेजारीशेजारी बसत. खालच्या पेशीत तो उभा राही, त्यामुळे तिच्या दोन लेकी एकाखाली एक. पाहिले तर इंग्रजी टी अक्षर. आता प्रश्न असा होता : वरची पेशी गुणसूत्रे तोडते आणि खालची राखते, हे कशामुळे? गुणसूत्रांतच काही फरक आहे, की ती ज्या जागी पडली त्या जागेमुळे?

बोव्हेरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अंडी जोरात फिरणाऱ्या यंत्रात, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये घातली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या ज्यात फिरवतात, तेच तत्त्व. अंड्यातला माल थरांत बसला आणि काही अंड्यांत पहिल्या स्पिंडलची दिशा बदलली. वर-खाली अशी वाटणी होण्याऐवजी उभी चीर पडली आणि दोन्ही लेकींना खालच्या भागातला माल सारखा मिळाला. मग काय झाले? दोघींनीही गुणसूत्रे अखंड ठेवली. गुणसूत्रे तीच होती, बदलली ती त्यांच्या भोवतीची जागा. 1910 मध्ये बोव्हेरी यांनी याचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. पेशी कोण होणार हे केंद्रक आणि भोवतालचा माल यांच्या देवाणघेवाणीतून ठरते, आणि कोणते केंद्रक कोणत्या मालात पडणार हे स्पिंडल कुठे व कसा बसला यावर. गर्भाच्या वाढीबद्दलचे इतके मोठे विधान इतक्या साध्या यंत्राने क्वचितच सिद्ध झाले असेल.

स्पिंडलला जागेवर कोण बसवते, हे मात्र त्या काळच्या साधनांनी कळणे शक्य नव्हते. ते कळायला आणखी पाऊण शतक जावे लागले, आणि तेही एका जंतातूनच कळले. हा जंत मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांब, एलेगन्स नावाचा. 1988 मध्ये केन केम्फ्यूस यांच्या प्रयोगशाळेने त्यात काही जनुके शोधली. ती बिघडली की पहिल्या विभाजनातली असमान वाटणी समान होऊन जाते. त्या जनुकांची प्रथिने अंड्याच्या आतल्या कडेवर हद्द आखतात, पुढचा अर्धा भाग एकाचा, मागचा दुसऱ्याचा. मग सुरू होते रस्सीखेच. स्पिंडलच्या दोन्ही टोकांपासून सूक्ष्म नळ्या दोरांसारख्या कडेपर्यंत पोहोचतात. कडेला बसलेले डायनीन नावाचे मोटर-प्रथिन ते दोर ओढते. मागच्या बाजूला ओढणारे हात जास्त असतात, म्हणून स्पिंडल मागे सरकतो आणि मागची पेशी लहान होते. 2001 मध्ये शास्त्रज्ञांनी लेझरने स्पिंडल मधोमध तोडून पाहिला. दोन्ही तुकडे आपापल्या बाजूला गेले, पण मागचा जास्त वेगाने. ओढ कुठून आहे ते डोळ्यांनी दिसले.

नेपल्सचा समुद्र

बोव्हेरी यांच्या आयुष्यातली सुखाची जागा म्हणजे इटलीतले नेपल्स येथील समुद्रजीव संशोधन केंद्र. तिथे ते अनेकदा गेले. तिथल्या समुद्री अर्चिनची अंडी काचेसारखी पारदर्शक, आणि फलन बाहेर पाण्यातच होते. काचेच्या भांड्यात अंडी ठेवून वर शुक्राणू टाकले की झाले. शुक्राणू जास्त टाकले तर काही अंड्यांत दोन शिरतात. हेच ते आपले थ्री पी.एन.

आता हिशेब बघा. दोन शुक्राणू म्हणजे दोन केंद्रे, त्यांची झाली चार. दोन टोकांचा एक स्पिंडल होण्याऐवजी चार टोकांमध्ये गुणसूत्रांची ओढाताण सुरू होते. दोनाऐवजी तीन संच गुणसूत्रे, आणि ती चार पेशींत जशी पडतील तशी. कोणाला एखादे जास्त, कोणाला एखादे मुळीच नाही. बोव्हेरी यांनी अशी अंडी जमवली आणि काहींच्या चार पेशी सुट्या करून वेगवेगळ्या वाढू दिल्या. निरोगी अंड्याच्या पहिल्या चार पेशी सुट्या केल्या तर चारही पेशींतून लहानसे पण पूर्ण पिल्लू होऊ शकते. या चार मात्र चार तऱ्हांनी बिघडल्या. जास्त गुणसूत्रे असणे एवढेच कारण असते तर सगळ्या सारख्या बिघडल्या असत्या. त्याअर्थी प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे आहे, आणि संच पूर्ण नसेल तर वाढ होत नाही.

अंडी हलवून त्यांनी आणखी एक युक्ती केली. एका केंद्राचे विभाजन थांबले, की चाराऐवजी तीन टोके होतात. अशा अंड्यांतून काही मोजकी पिल्ले धड निघाली, चार टोकांच्या अंड्यांतून जवळजवळ एकही नाही. तीन टोकांत प्रत्येक पेशीला पूर्ण संच मिळण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून. 1902 मध्ये हा निबंध आला. अमेरिकेत वॉल्टर सटन यांनी टोळांवरच्या अभ्यासातून त्याच सुमारास हाच निष्कर्ष काढला. आनुवंशिकता गुणसूत्रांतून येते, या सिद्धांताला आज या दोघांचे नाव आहे.

माणसात दोन शुक्राणूंमुळे तीन संच झाले तर काय होते? बहुतेक गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच थांबतात. काहींत वार द्राक्षांच्या घडासारखी फुगते. याला द्राक्षगर्भ म्हणतात. तो वेळीच काढून पुढे काही महिने रक्ततपासणी करत राहावी लागते. म्हणूनच प्रयोगशाळेत थ्री पी.एन. बीज गर्भाशयात सोडत नाहीत. ते तुमचे बाळ नव्हते जे कोणी टाकून दिले. त्यातून बाळ होणारच नव्हते.

वुर्झबर्ग, मार्सेला आणि आजारपण

1893 मध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी, बोव्हेरी वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढची 22 वर्षे ते तिथेच राहिले. दोन वर्षांनी त्याच विद्यापीठात विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. दोघांची चांगली मैत्री होती.

1896 मध्ये अमेरिकेहून मार्सेला ओ'ग्रेडी नावाच्या संशोधक त्यांच्याकडे काम करायला आल्या. बॉस्टनच्या एमआयटीतून जीवशास्त्राची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि त्या वेळी तिकडे महाविद्यालयात शिकवत होत्या. जर्मन विद्यापीठांत तेव्हा बायकांना रीतसर प्रवेश मिळणे कठीण होते. पुढच्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. त्यानंतर नेपल्सच्या कामात मार्सेला त्यांच्याबरोबर असत. अर्चिनच्या हजारो पिल्लांच्या नोंदी एकट्या माणसाने केलेल्या नाहीत, हे लक्षात ठेवायला हवे. त्यांच्या प्रयोगशाळेत परदेशी महिला संशोधक बऱ्याच आल्या. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांचा शोध लावणाऱ्या नेटी स्टीव्हन्स त्यांपैकी एक. 1900 मध्ये बोव्हेरी दांपत्याला मुलगी झाली. ती मार्गरेट पुढे जर्मनीत नावाजलेली पत्रकार झाली.

बोव्हेरी यांची प्रकृती कधीच मजबूत नव्हती. 1890 च्या सुमारास, ऐन तिशीच्या आत, ते मनाने पार खचले होते आणि त्यांना उपचारांसाठी राहावे लागले होते. त्या काळी याला मज्जासंस्थेचा थकवा म्हणत. आज कदाचित आपण नैराश्य म्हणू. त्यातून ते सावरले, पण नंतरही आजारपणे येत राहिली. हे मुद्दाम सांगतो, कारण वंध्यत्वाच्या किंवा कर्करोगाच्या उपचारात मन खचले की आता आपल्या हातून काही होणार नाही असे वाटणारे बरेच रुग्ण भेटतात. बोव्हेरी यांचे बहुतेक मोठे काम त्या आजारानंतरचे आहे.

1912 च्या सुमारास बर्लिनमध्ये जीवशास्त्राची एक मोठी नवी संस्था उभी राहत होती. तिचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्यांनी आराखडा केला, कोणाकोणाला घ्यावे हे सुचवले. त्यांत त्यांचे एक विद्यार्थी हान्स स्पेमान होते, तसेच ओटो वॉरबर्ग होते. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. स्वतः बोव्हेरी यांनी मात्र प्रकृतीच्या कारणाने नकार दिला आणि ते वुर्झबर्गलाच राहिले.

मला त्यांच्याबद्दल सर्वांत आदर वाटतो तो आणखी एका गोष्टीसाठी. तरुणपणी, 1889 मध्ये, त्यांनी अर्चिनच्या केंद्रक नसलेल्या अंड्याच्या तुकड्यावर दुसऱ्या जातीचा शुक्राणू टाकून एक प्रयोग केला होता. त्या प्रयोगाने ते प्रसिद्ध झाले. उतारवयात त्यांनी तो पुन्हा तपासला आणि त्यातल्या चुकांच्या जागा स्वतःच दाखवून दिल्या.

आपल्या अंडपेशीत काय होते

माणसाच्या गर्भाची पहिली विभाजने बऱ्यापैकी समान असतात. म्हणूनच एका भ्रूणाचे दोन होऊन एकसारखी जुळी मुले होऊ शकतात. पण त्याआधीचे, स्त्रीबीज पिकतानाचे विभाजन कमालीचे असमान असते. अर्धी गुणसूत्रे बाहेर टाकायची असतात, पण बाळासाठी साठवलेला माल मात्र सगळा ठेवायचा असतो. म्हणून स्पिंडल सरकत सरकत अगदी कडेला येतो आणि एक इवलासा गोळा तोडला जातो. त्याला पोलर बॉडी म्हणतात. माणसाच्या स्त्रीबीजात टोकांना सेंट्रोसोम नसतात, आणि स्पिंडलला कडेला नेण्यात ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्याचा मोठा वाटा असतो.

इक्सी करताना याचा थेट उपयोग होतो. पोलर बॉडी जिथे दिसते तिच्याजवळच आत स्पिंडल असतो. म्हणून ती घड्याळातल्या बारा किंवा सहाच्या जागी धरतात आणि शुक्राणूची सुई तीनच्या जागेतून आत घालतात, म्हणजे स्पिंडलला धक्का लागत नाही. स्पिंडल थंडीलाही हळवा असतो. बीज थोडे गार पडले तरी त्याचे धागे विस्कटतात. प्रयोगशाळेत टेबलसुद्धा 37 अंशांना गरम ठेवतात ते यासाठी.

वयाचा संबंधही इथेच येतो. स्त्रीबीजे मुलगी आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि पुढे दशके थांबून राहतात. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारा प्रथिनांचा डिंक या काळात हळूहळू सैल होतो. पस्तिशीनंतर, आणि चाळिशीजवळ अधिकच, स्पिंडलने ओढताना एखादे गुणसूत्र चुकीच्या बाजूला जाण्याची शक्यता वाढते. एकविसावे जास्त राहिले तर डाउन सिंड्रोम. बहुतेक इतर चुकांत गर्भ टिकत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा असा घोळ सापडतो. जिना चढला, पपई खाल्ली, स्कूटरवर बसले, ग्रहणात बाहेर पडले, ही कारणे रुग्ण आणि कधीकधी सासूबाई सांगतात. ज्या गर्भात हा घोळ असतो त्याची वाटणी गर्भ राहण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच चुकलेली असते. त्यानंतर तुम्ही काय केले याचा तिच्याशी संबंध नसतो. दोन किंवा अधिक वेळा गर्भपात झाला असेल तर पुढच्या वेळी पडलेल्या गर्भाची गुणसूत्र तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

शेवटचे पुस्तक

अर्चिनच्या चार टोकांच्या अंड्यांकडे पाहता पाहता बोव्हेरी यांच्या मनात दुसराच विचार घोळत होता. कर्करोगाच्या गाठींत अनेक टोकांचे असेच विभाजन दिसते, हे डेव्हिड फॉन हान्सेमान या पॅथॉलॉजिस्टने 1890 मध्ये नोंदवले होते. बोव्हेरी यांनी 1914 मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की गाठ एकाच पेशीपासून सुरू होते, त्या पेशीची गुणसूत्रे बिघडलेली असतात, आणि विभाजन रोखून धरणारे काही गुणसूत्रांतून हरवले की पेशी बेलगाम वाढते. त्यांनी स्वतः गाठींवर प्रयोग केले नव्हते, त्यामुळे त्या वेळच्या डॉक्टरांनी याकडे फारसे लक्ष दिले नाही. सगळे बरोबर निघाले असेही नाही. पुष्कळ कर्करोगांत पूर्ण गुणसूत्राऐवजी एखाद्या जनुकातच बिघाड असतो. पण 1960 मध्ये फिलाडेल्फियात एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात ठरावीक बिघडलेले गुणसूत्र सापडले आणि त्यावरच पुढे इमॅटिनिब ही गोळी बेतली गेली. वाढ रोखणारी जनुकेही सापडली. बायोप्सीच्या रिपोर्टात ॲटिपिकल मायटोसिस असे लिहिलेले असते, तेव्हा पॅथॉलॉजिस्टने अशीच विस्कटलेली विभाजने पाहिलेली असतात.

कर्करोगाची काही औषधेही स्पिंडलवरच घाव घालतात. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन स्पिंडलचे धागे जुळू देत नाही, पॅक्लिटॅक्सेल ते सुटू देत नाही. दोन्हींत पेशी अर्ध्या वाटणीत अडकून मरते. याच सूक्ष्म नळ्या मज्जातंतूंतही असतात, म्हणून या औषधांनी हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. तसे झाले तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना सांगा.

पुस्तक आले त्या वर्षी महायुद्ध सुरू झाले. 15 ऑक्टोबर 1915 रोजी वुर्झबर्ग येथे बोव्हेरी यांचे निधन झाले. त्यांचा 53 वा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते. अर्चिनच्या त्या जुन्या प्रयोगावरचा शेवटचा निबंध त्यांच्या मागे 1918 मध्ये छापला गेला. मार्सेला पुढे अमेरिकेला परतल्या आणि न्यू हेवनच्या एका महिला महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागल्या. 1929 मध्ये त्यांनी कर्करोगावरच्या त्या छोट्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.